खरं लिहायचा हंगाम

भरताची वांगी बाजारात आली की आमच्या बी.एड. कॉलेजातल्या मुली साड्या नेसायला लागतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात तो इतकी वर्षं बसलाय की आता निघायचा नाही. थंडी पडते, शाळाशाळांतून सराव पाठ सुरू होतात आणि पिंप्राळ्याच्या आमच्या गल्लीतून सकाळी कुणीतरी छात्राध्यापिका एका हाताने निऱ्या सावरत स्कूटी हाकताना दिसते. मागे बसलेलीच्या मांडीत पृथ्वीगोल असतो, काखेत तक्त्यांची गुंडाळी. घरात कधी साडी न नेसलेल्या या पोरी पाठ असला की एकदम मोठ्या बायका होतात. मी गॅलरीत चहा घेऊन उभी असते. पूर्वी हे दृश्य बघून मला हुरूप यायचा. हल्ली चहा हातात तसाच निवून जातो.

कारण पाठ आला की त्यामागून चिंतन आलं. ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे शिक्षक होऊ घातलेल्या प्रत्येकाने शाळेत जाऊन पाठ घ्यायचा, आणि पाठ झाला की त्याच दिवशी बसून लिहायचं: काय जमलं, काय फसलं, ते का फसलं, आणि या सगळ्यातून मी स्वतः काय शिकले. याला चिंतन म्हणतात. याची फाईल करायची असते आणि तिला मार्क असतात. हे लिहायला शिकवणं हे माझं काम. म्हणजे शिकवणाऱ्यांना शिकवायचं, आणि आपण काय शिकलो ते लिहायला पुन्हा वेगळं शिकवायचं. सांगतानाच दम लागतो. एके काळी मला वाटायचं की अख्ख्या कॉलेजात याच्याइतकं मोलाचं काम दुसरं नाही. माणूस आपल्या चुकीकडे न घाबरता बघायला शिकला की तो मरेपर्यंत शिकत राहील, असं मी पोटतिडकीने सांगायचे. आता सांगत नाही. हे शिकवता येतं यावरचा माझा विश्वासच उडालाय, आणि ज्या गोष्टीवर विश्वास नाही ती रोज शिकवायची हा सोपा छळ नाही.

यंदा तर मोबाईलच चिंतन करून देतो. पोरं त्याला पाठाचं नाव सांगतात आणि तो आत्मपरीक्षण करून मोकळा होतो. परवा एका मुलाच्या फाईलमध्ये वाचलं की विद्यार्थ्यांच्या भावविश्वाशी समरस होण्यात तो कमी पडला. मुलगा गुणी आहे, मुलांमध्ये चांगला रमतो. मी त्याला बोलावून विचारलं, बाबा रे, नेमका कुठे कमी पडलास. तो हसला आणि म्हणाला की मॅडम, कमी पडलो असं लिहिलं की बरं दिसतं ना. त्याचं चुकलं असं म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं, कारण खरोखरच बरं दिसत होतं. पूर्वी पोरं तयार उत्तरं शोधायची, आता तयार चुका मिळतात. मी सही केली आणि पुढची फाईल ओढली.

पण मला आठवतो तो मोबाईलने लिहायला लागायच्या आधीचा एक हिवाळा.

त्या हिवाळ्यात मी शाळांच्या मागच्या बाकांवर बसून पाठ बघत होते. ते बाक पाचवी-सहावीच्या मुलांच्या मापाचे. गुडघे वर येतात, पदर खिळ्याला अडकतो, शेजारचं पोर आपल्याकडे टकमक बघत राहतं आणि त्याच्या खिशातल्या पेरूचा वास येत असतो. खिडकीतून उन्हाची तिरीप पायांवर पडली की उठावंसं वाटत नाही. बाहेर रस्त्यावरून कापसाचे टेम्पो जातात आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकून राहतात. आणि वर्गात दर थोड्या वेळाने तो सामुदायिक होकार. समजलं का मुलांनो? होऽऽ. साठ गळ्यांतून एका सुरात येणारा तो हो ऐकला की नवख्या शिक्षकाचा चेहरा खुलतो. मी इतके हो ऐकलेत की मला आता त्यातला एकही खरा वाटत नाही.

मनीषा त्या वर्षीच्या तुकडीत होती. पिंपळनेरकडची, वसतिगृहात राहणारी. लग्न झालेलं. सासऱ्यांनी शिकायला पाठवलं होतं, पण एका अटीवर: पहिल्या फटक्यात पास व्हायचं, नाहीतर फाईली गुंडाळून घरी यायचं. हे तिनेच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, आपली माहिती असावी म्हणून. वर्गात ती फारसं बोलायची नाही. बोलली तर पुस्तकातलं, प्रत्येक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखं. तिची सुरुवातीची चिंतनं तशीच होती. अध्ययन, अध्यापन, उद्दिष्टं, प्रतिसाद. त्यात मनीषा कुठेच नव्हती. मी शेरे मारायचे, ती पुढच्या वेळी आणखी जड शब्द शोधून आणायची. आमची दोघींची अशी बरीच दमछाक झाली.

मग एका शाळेत तिने अपूर्णांकांच्या भागाकाराचा पाठ घेतला. बरा झाला. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा, हे तिने फळ्यावर नीट करून दाखवलं, मुलांनी हो म्हटलं, घंटा झाली. मी मागे बसले होते, पण मध्येच मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हणून बाहेर जाऊन आले होते, त्यामुळे मधलं काही माझ्या नजरेतून सुटलं. पाठ संपल्यावर ती जिन्यात बसलेली दिसली. तक्ते पायाशी, डोळे लाल. मी विचारलं तर तिने पुस्तकातलीच दोन वाक्यं म्हटली. मला राग आला, तिचा नाही, त्या वाक्यांचा. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हटलं, हे सगळं राहू दे, घरी आईला सांगशील तसं सांग. अहिराणीत सांग.

तिने पायाशी पडलेले तक्ते गोळा केले. मग हलक्या आवाजात म्हणाली, “एक पोर उभी ऱ्हायनी, मॅडम. म्हने, उलटा कसाले करानं? मालेच नही माहीत. मी तिले खाले बसाडी दिधं.”

बस, एवढंच. इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते ते असं जिन्यात मिळालं. मी म्हटलं, हेच लिही. ती म्हणाली, असं कसं लिहायचं, याला मार्क कोण देईल. मी देईन, मी म्हटलं. खरंच देणार होते.

दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणलं. प्रमाण मराठीतच होतं, पण आता त्या मराठीला तिचं तोंड आलं होतं. तिने लिहिलं होतं की उलटा करून गुणायचं हे मला शाळेत सांगितलं, का ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मुलांनी हो म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं. नंतर आठवलं की मीसुद्धा अशीच हो म्हणायचे, कारण नाही म्हटलं तर बाई पुन्हा शिकवतील, आणि पुन्हा शिकवूनही समजलं नाही तर मग काय करायचं, याची भीती वाटायची. आज एका मुलीने ती भीती सोडून विचारलं आणि मी तिला खाली बसवलं. ती बसताना माझ्याकडे बघत होती. आता ती परत विचारणार नाही.

मी ते स्टाफरूममध्ये वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यानंतर आम्ही दोघी एका दुपारी रिकाम्या वर्गात बसलो आणि भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक का उलटतो ते शोधलं. अर्धी भाकरी, तिचे चतकोर किती, असं करत करत ते जेव्हा तिला उमगलं तेव्हा तिने फळ्यावरून हात फिरवला आणि ती हसली. मी तिला वर्षभरात तेवढं एकदाच तसं हसताना पाहिलं. मग ती पुन्हा त्या शाळेत गेली, त्या मुलीला शोधून काढलं आणि समजावून आली. तेही तिने लिहिलं. मला वाटलं, जमलं. एका माणसाला तरी जमलं.

आता आमच्या वसतिगृहाची एक रीत सांगायला हवी. तिथे कुणी कुणाला फाईल नाही म्हणत नाही. चपाती, शाम्पू, साडीची पिन आणि फाईल या चार गोष्टी मागितल्या की द्यायच्या. त्यात चोरीबिरी काही नसतं. जिची फाईल आधी तपासून झाली तिची ‘पास झालेली’ फाईल, ती सगळ्यांनी बघायची. एखादी नाही म्हणाली तर तिला वर्षभर कुणी जेवणाच्या रांगेत पुढे घेणार नाही. माझे शेरे, माझे चांगले मार्क आणि खाली माझी सही असलेली मनीषाची फाईल त्या हिवाळ्यात सगळ्यांत पास झालेली होती.

सराव पाठ संपले की आमच्याकडे भरीत पार्टी असते. जामनेरच्या एका मुलीच्या वडिलांचं शेत होतं, तिथे सगळी तुकडी गेली. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यावर टाकलेली हिरवी-पांढरी लांबट वांगी, त्यांच्या फुटणाऱ्या सालीचा तो आवाज. मनीषा जाळापाशी होती. कुठलं वांगं कधी फिरवायचं ते तिला बरोबर कळायचं, म्हणून तिला कुणी तिथून हलू दिलं नाही. बाकीच्या पोरी पलीकडे केळीच्या बागेत सावलीला बसल्या होत्या. मला वाटलं गाणी म्हणतायत. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत वाढलं गेलं, तेल, हिरवी मिरची, वर कांद्याची पात. धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. एकजण म्हणाली, आज खरं चिंतन व्हायला पाहिजे, आणि सगळ्या खूप हसल्या. मीही हसले. इतकं चांगलं जेवण त्यानंतर मी क्वचित जेवलेय. त्या केळीच्या सावलीत फाईली पूर्ण करण्याचं काम चाललं होतं, हे मला पुढे कळलं.

फाईली बघायला बाहेरून परीक्षक येतात. त्या वर्षी आलेले सर वयस्क होते, सभ्य, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे. त्यांनी काही फाईली चाळल्या आणि मला बोलावलं. म्हणाले, मॅडम, तुमच्या कॉलेजात भारीच मुली खाली बसवल्या गेल्यात. मी बघितलं; शेवटच्या घाईत भरलेली ती पानं माझ्या नजरेखालून गेलीच नव्हती. जवळजवळ प्रत्येक फाईलमध्ये एक मुलगी उभी राहत होती, उलटा का करायचा विचारत होती आणि खाली बसत होती. बसताना बघत होती. जिचा शिकवायचा विषय इतिहास, तिच्याही पाठात अपूर्णांक आले होते. शिवकालीन प्रशासनाच्या पाठाखाली लिहिलेलं होतं की उलटा करून गुणायचं हे मला शाळेत सांगितलं, का ते सांगितलं नाही. मला हसू येईना आणि रडूही येईना.

मी सरांना सांगितलं की यातली एक खरी आहे. कुणाची, ते सांगितलं, जिना सांगितला, भाकरीचे तुकडे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण उद्या बाकीच्या पोरीही हेच म्हणतील, आणि सगळ्यांना एकच न्याय लावायला हवा. मनीषाची फाईल नेमकी शेवटी आली होती, कारण ती फाईल वसतिगृहात हातोहात फिरत होती. दिसायला तीच सगळ्यांत उशिरा उतरवून काढल्यासारखी. सर दुष्ट नव्हते. त्यांनी तिला आत बोलावलं, समोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, बेटा, कुठल्याही एका पाठाबद्दल इथे बसून लिही. तू लिहू शकतेस एवढं मला दिसलं की झालं, नाहीतर बाकीच्यांबरोबर तुलाही मला थांबवावं लागेल.

मी निश्चिंत झाले. हिला तर येतंच, मला वाटलं. तिने पदर खोचला, पेनचं टोपण काढलं आणि न थांबता लिहिलं. सरांनी वाचलं, मान हलवली आणि कागद माझ्याकडे सरकवला. लिहिलं होतं: पाठ नियोजनाप्रमाणे पार पडला. सर्व विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. निर्धारित उद्दिष्टे साध्य झाली. शैक्षणिक साहित्याचा वापर परिणामकारक ठरला.

सर म्हणाले, हे बघा, कसं सरळ लिहिलंय. तिला पास केलं. बाकीच्यांना पुन्हा फाईल करायला लावली.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. विचारलं, का गं. तुला तर लिहिता येतं. ती माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघत होती असं मला अजून वाटतं.

“खरं लिहिलं असतं तर त्यांनी अजून विचारलं असतं, मॅडम,” ती म्हणाली.

तिने सासऱ्यांची अट पुरी केली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. तिने माझ्याकडून चिंतन शिकून घेतलं, ते कुठे करायचं आणि कुठे करायचं नाही हे मात्र तिला आधीपासूनच ठाऊक होतं, ते तिला आम्ही सगळ्यांनी मिळून पहिलीपासून शिकवत आणलं होतं. जिथे कबुलीला मार्क असतात तिथे कबुलीही पाठ होते. जिथे मार्कही नसतात तिथे ती कुणी करतच नाही. या दोन्हींच्या मधली एखादी जागा असेल असं मला वाटायचं, ती मी पुष्कळ शोधली. वर्गात शोधली, जिन्यात शोधली. मार्क काढून टाका असं मी बैठकीत सांगून पाहिलं, तर मग पोरं लिहिणारच नाहीत असं उत्तर मिळालं, आणि तेही खरं होतं. ती जागा मला एकदाच सापडली, एका दुपारी रिकाम्या वर्गात, आणि तिच्यावर फाईलचं लेबल चिकटवलं गेलं. आता मी दर हिवाळ्यात तेच शेरे मारते, स्वतःच्या शब्दांत लिहा, प्रामाणिकपणे लिहा. प्रामाणिकपणे हा शब्द लिहिताना हाताला काही वाटत नाही. आधी निदान लाज वाटायची.

यंदा थंडी सुरू झाली त्या सुमारास एका लग्नासाठी धुळ्याला गेले होते. परतताना बसस्टँडवर कुणीतरी पाठीमागून मॅडम म्हणून हाक मारली. मनीषा होती. अंगाने भरली होती, चेहऱ्यावर ऊन बसलं होतं. पिंपळनेरच्या गाडीची वाट बघत होती. साक्रीजवळच्या एका शाळेत शिकवते, गणितच. बरं चाललंय म्हणाली. वसतिगृहातल्या मैत्रिणींची नावं घेऊन कोण कुठे आहे ते सांगितलं. भरताचा विषय निघाला, आम्ही हसलो. तिच्याबरोबर तिची लेक होती, तिसरीतली, दोन घट्ट वेण्या, ओठांना बर्फाच्या गोळ्याचा लाल रंग. पोरगी भलतीच चौकस. तुम्ही मम्मीच्या बाई का, मग मम्मीला छडी मारायच्या का, तुमची गाडी कोणती, ती लवकर का येत नाही, असं तिचं चालू होतं. मला ती फार आवडली. वाटलं, उभी राहणारी आहे ही.

आता तर शाळांच्या प्रगतिपत्रकातच एक पान मुलाने स्वतः भरायचं असतं. मला काय आलं, काय आलं नाही, मला कुठे मदत लागेल. माझ्या आयुष्यभराच्या विषयाला असं तिसरीच्या पोरांपर्यंत पोचलेलं बघून मला मध्यंतरी जरा बरंही वाटलं होतं. म्हणून मी पोरीला सहज विचारलं की यंदा त्या पानावर तू काय लिहिलंस.

“मम्मीने लिहिलं,” ती म्हणाली. “मला सगळं येतं, असं.”

मी मनीषाकडे बघितलं. तिने नजर चुकवली नाही. पिशवीचा बंद खांद्यावर घेत, कुणाला सल्ला द्यावा तशा साध्या आवाजात ती म्हणाली, “तिले लिखू दिधं ते ती खरं लिखी टाकस, मॅडम. म्हनीसन मीच लिखस.”

पोरगी आमच्या दोघींच्या मध्येच उभी होती. तिने ते ऐकलं. तेवढ्यात पिंपळनेरची गाडी लागली, आणि इतका वेळ प्रत्येक गोष्ट विचारणाऱ्या त्या पोरीने हे मात्र विचारलं नाही.